मोरीतला बंधारा

आमची पद्मजा मुलुंडहून फोर्टातल्या कचेरीत जाते आणि बंधाऱ्यांचे आराखडे काढते. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी घुसळतं आणि खालची जमीन खातं, म्हणून तिथे काँक्रीटची फरशी घालतात. ती किती लांब हवी, याचा पहिला अंदाज तिला सोमवारी साहेबांपुढे मांडायचा होता. खर्च वाचतो म्हणून साहेबांना ती आखूडच पसंत होती.

रविवारी तिने मोरीत वाळू पसरली, विटांचा बंधारा रचला, पायथ्याशी फरशी म्हणून कडप्प्याचा आखूड तुकडा ठेवला आणि वरून बादली ओतली. माझा जीव वरखाली, कारण नळाला संध्याकाळपर्यंत पाणी नव्हतं. पाणी गरगरलं, वाळू वाहून गेली आणि कडप्पा कलंडला.

"आई, कलंडला गं!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

"मग नाचतेस काय?"

"इथे कलंडला म्हणून तिथला वाचेल ना!"

मग तिने वाळू सारखी करून लांब तुकडा ठेवला आणि पुन्हा बादली ओतली. या वेळी वाळू जागची हलली नाही.

सोमवारी ती हसतच घरी आली. साहेबांनी तिची लांब फरशी मान्य केली होती. आता प्रयोगशाळेत मोठी चाचणी होणार होती.

"पावसाळ्यात त्या भिंतीवर उभी राहू नकोस हं," मी बजावलं.

"आई, भिंत अजून कागदावरच आहे गं!"