मधली जोडी आणि सासरेबुवा

आमच्या गल्लीतल्या शिंप्याबद्दल कुजबुज होती: दुकानातल्या आरशात त्याला समोरच्याच्या हातातले पत्ते दिसतात. हे कानावर आलं की तो तोंडातल्या टाचण्या न काढता हसायचा. तसं हसणं सोपं नाही, घरी करून बघू नका.

रविवारी दुपारी त्याच्या कापडं कापायच्या टेबलावर आमचा पोकर चाले. पैसे नाहीत, बटणं. एका वेळी दोनच बटणं लावायची, वाढवायचं तर आणखी दोन. ढीग पुढे सरकवून कुणाला दरडावायचं नाही. बोलायची पाळी ठरलेली: पहिला शिंपी, मग चष्मेवाला, मग मी आणि शेवटी शिंप्याचा धाकटा साडू, बसचा ड्रायव्हर.

शिंप्याचा जीव मधल्या जोडीत. टेबलावर गुलाम, नव्वी, चौकी उघडी आणि हातात एक नव्वी, म्हणजे जोडी मधल्या पानाची, ना धड सरदार ना धड हमाल. "अशा जोडीने आधी काही न लावता नुसतं चेक म्हणून मेल्यासारखं पडायचं," तो सांगे. "शेवटच्याने लावलं की उठून वाढवायचं. मधल्यांना एकदम चार बटणं काढायला लागतात, ते पानं टाकून पळतात."

मधले म्हणजे आम्ही दोघं. आम्ही पळायचो.

"आणि शेवटच्याने लावलंच नाही तर?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मग सगळ्यांना पुढचं पान फुकट, आणि माझी नव्वी नासली. कधी पडायचं ते कळायला हवं."

कसं कळतं, ते काही सांगेना.

एका रविवारी मात्र पणाला सासरेबुवा होते. दोघा साडूंचे सासरे महिनाभर राहायला आलेले. माणूस प्रेमळ, पण घोरणं असं की भिंतीवरचं घड्याळ थांबावं, आणि सकाळी उठल्याउठल्या सगळ्यांच्या पोटाची चौकशी. ठरलं असं की हरेल त्याने त्यांना घरी न्यायचं. म्हातारबाबा आपल्या ट्रंकेवर बसून कौतुकाने खेळ बघत होते.

शेवटच्या डावाला दोघा साडूंची बटणं सारखी. पानं उघडली: गुलाम, नव्वी, चौकी. शिंप्याने आरशाकडे नजर टाकली आणि मेल्या आवाजात म्हणाला, "चेक."

आम्हीही चेक. ड्रायव्हरने दोन लावली.

"आणखी दोन," शिंपी जिवंत झाला.

आम्ही पळालो. ड्रायव्हर मात्र हटेना.

"साडूभाऊ, नव्वीच ना?"

"बघायची हौस असेल तर बटणं टाका."

त्याने शेवटपर्यंत टाकली. हातात एक्का आणि सत्ती, जोडी कसलीच नाही. शिंप्याची नव्वी जिंकली.

सासरेबुवा डोळे पुसत उठले. "शाबास, जावईबापू. चला घरी."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की. धाकटे म्हणाले, जिंकेल त्याला माझी सेवा करायचा मान. काय चुरशीने खेळलात हो माझ्यासाठी."

ड्रायव्हर छताचा पंखा निरखत होता. शिंप्याने आम्हा सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि ट्रंक उचलली.

आरशाचं म्हणाल, तर तो पँटची उंची बघायचा बुटका आरसा होता, भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेला. त्यात पत्ते दिसत नसत. टेबलाखालचा ड्रायव्हरचा डावा हात दिसे. बटणं लावायचं मनात आलं की तो हात गिअर टाकायचा.