बिनकानाचा कप

संध्या गांगुर्डे आठवड्यातले तीन दिवस नाशिकरोडवरून स्कुटीवर निघते आणि निफाडच्या पलीकडं, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या शाळेत चित्रकला शिकवायला येते. कागदावर तिचं पद लांबलचक आहे, अंशकालीन कला निदेशक. पोरं तिला चित्राच्या बाई म्हणतात. तिचा बाप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात होता. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अजून रुमालानं खुर्ची झटकल्याशिवाय बसत नाय. पोरगी चित्रकलेला जाते म्हटल्यावर त्यानं एकच गोष्ट सांगितलेली, केलेल्या कामावर आपलं नाव पाहिजे. म्हणून संध्याच्या वर्गात नियमच आहे. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक.

समता, न्याय हे शब्द तिच्या तासाला फळ्यावर येत नाहीत. पोरं शब्द पाठ करतात आणि परीक्षेत ओकून मोकळी होतात, असं तिचं म्हणणं. ती एखादी वस्तू काढायला लावते. वस्तू काढायची तर तिच्याकडं बघावं लागतं. मागच्या साली तिनं पाण्याचा हंडा काढायला लावला, आणि हंडा उचलणारं माणूसही. सगळे कागद भिंतीला लावल्यावर दिसलं, एकाही हंड्याखाली बाप्या नव्हता. पोरं आधी हसली, मग गप झाली.

सातवीत एकतीस पोरं, त्यातली नऊ सुरगाण्याकडची. बागांची छाटणी निघाली की तिकडच्या मजुरांच्या टोळ्या इकडं उतरतात आणि बागेच्या कडेला शेडात राहतात. पोरं त्यांच्याबरोबर येतात, दिवाळीच्या आगंमागं शाळेत नाव घालतात आणि मागच्या रांगेत बसतात. घरी कोकणा आदिवासींची डोंगरातली कोकणी बोलतात, शाळेत मराठी. राखी त्यातलीच. पहिल्या आठवड्यात तिच्या तोंडून नाय म्हणायच्या जागी घरचं 'नीही' निघालं आणि वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून ती मानेनंच हो-नाय करायची.

संध्यानंही तिला एकदा दुखवलं. सुरगाण्याची म्हटल्यावर ही कौतुकानं म्हणाली, तुझ्या हातात तर वारली चित्रं असणार, काढ की नाचणारी माणसं. राखीनं बराच वेळ पेन्सिल चावली.

"बाई, आमी कोकणा. वारली येगळे. मला नाय येत ते."

मग बाईंचा मान राखायला तिनं पुस्तकात बघून त्रिकोणी माणसं काढली. ती सगळी बसलेली होती, कारण तिला पाय जमले नव्हते. संध्यानं तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. रंगाचा डबा काढायला गेली की तो दिसतो.

डिसेंबरात तिनं वर्गाला सांगितलं, तुम्ही राहता तिथली एक वस्तू काढा, आणि ती कोण वापरतं नि कोण वापरत नाय, ते कळू द्या. कुणी टीव्हीचा रिमोट काढला, कुणी बापाची मोटारसायकल. राखीनं कप काढला. चहाचा, पांढरा, निळ्या फुलाचा. फक्त त्याला कान नव्हता. कान तुटला तिथं दोन खरबरीत ठिपके राहतात, तेसुद्धा तिनं नीट काढले होते.

हा काय प्रकार, असं विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं. मालकाच्या घरात कपाचा कान तुटला की तो कप फेकत नाहीत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर पाठवतात. खिडकीत असे सहा कप पालथे असतात. ते टोळीचे. चहा वरून ओततात. प्यायचा, विसळायचा, पुन्हा पालथा घालायचा. घरचं माणूस त्या कपाला हात लावत नाय.

राखीच्या आवाजात तक्रार नव्हती. बादलीला कडी असते हे सांगावं, तसं ती सांगत होती. संध्याच्या आजीनं उभी हयात मोठ्या घरांच्या दाराबाहेर करवंटीत चहा घेतलेला. करवंटी गेली आणि तिच्या जागी हे आलं, हे तिला पेन्सिलीच्या दोन ठिपक्यांत दिसलं. तिनं तिथंच जाहीर केलं की सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात हे चित्र मधोमध लागणार. लगेच फलकावर लावलंसुद्धा. कोपऱ्यात नियमाप्रमाणं नाव, इयत्ता, क्रमांक.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राखीची आई सरुबाई शाळेत आली. बागेत घडांची विरळणी चालली होती. कमरेला बारकी कात्री, हात द्राक्षाच्या चिकानं काळे. वर्गात आली नाय, दाराशीच उभी राहिली. संध्यानं खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाय.

"बाई, ते चित्र काढून टाका."

संध्यानं समजावून पाहिलं. चित्रात खोटं काय आहे, असं विचारलं. पोरीनं धीर केला, तिचं कौतुक करा, असंही म्हणाली.

"खोटं कोण म्हनतं? कप मीच धुती," सरुबाई म्हणाली. "पर तुमी सांजच्याला नाशिकरोडला जाता. आमी त्यायच्या शेडात ऱ्हातो."

मग तिनं बाकीचं सांगितलं. ज्याची बाग तो दीपकभाऊ, आणि तोच शाळेच्या समितीचा अध्यक्ष. सव्वीस तारखेला पहिला तोच येणार. टोळीत अकरा माणसं. त्यानं उद्या उठा म्हटलं की अकराच्या अकरा उठणार, आणि राखीही. पोरीची पाचवी अशीच अर्ध्यात सुटली, सहावीही. सातवीचा पेपर तरी तिनं बसून लिहावा, एवढंच आईचं म्हणणं.

"आमच्या टोळीत ओळ कुनी छाटली ते मालकाला कळत नाय," जाता जाता ती म्हणाली. "चुकली तर टोळी चुकली. तुमी माझ्या पोरीला एकलीला उभी केली."

संध्यानं टाचण्या काढल्या. आपल्या बापानं शिकवलेला नियम कुणाच्या अंगावर असाही येऊ शकतो, हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. बाकीचा दिवस तिनं वर्गाला नुसती रंगवही दिली आणि खिडकीशी बसून राहिली.

चित्र फलकावरून उतरवलं म्हणून सुटका झाली असं तिला वाटलं, पण राखी दोन तास तिच्याकडं बघेना. तिसऱ्या तासाला संध्यानं जवळ बोलावून विचारलं. ठरवायचं असेल तर तूच ठरव, म्हणाली.

राखीनं ठरवलेलंच होतं. तिला चित्र लावायचं होतं, पण आईच्या टोळीसारखं. एक लांब कागद घ्यायचा, बागेसारख्या ओळी पाडायच्या आणि प्रत्येकानं आपापल्या घरचा असा वेगळा ठेवलेला एक कप काढायचा. नाव कुणीच घालायचं नाय.

"आन् बाकीच्यांच्या घरी नसला तर?" संध्यानं विचारलं.

"आसतो बाई," राखी म्हणाली. "बघत नायती ते."

पोरं घरी जाऊन बघून आली. फळ्या, खिडक्या, गोठ्याचे कोनाडे. कुणाला गड्याचा कप सापडला, कुणाला ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचा पेला. संजना नावाची पोरगी, वर्गात सगळ्यांत जास्त हसणारी, तिच्या आजीची वेगळी ताटली घेऊन आली. पाहुण्यांत आजी नको म्हणून ती ताटली मागच्या पडवीत असायची. दीपकभाऊचा आयुष याच वर्गात. मन लावून काढणारं पोरगं. त्यानं मोटारीच्या खोलीची निळी खिडकी काढली, आतला स्टार्टर काढला आणि सहाच्या सहा कप पालथे घातले. त्याला ते रोज दिसत होते. आता त्यानं मोजले.

राखीनं चौथ्या ओळीत एकच कप काढला, बाकीच्यांसारखा साधा. कोणता तिचा, ते शोधूनही सापडलं नसतं. खाली संध्यानं लिहिलं, 'इयत्ता सातवी'.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि दीपकभाऊ हेडमास्तरांबरोबर प्रदर्शन बघत आले. किल्ल्यापुढं थांबले, मोरापुढं थांबले. लांब कागदापुढं जास्त वेळ थांबले. माणूस काही दुष्ट नव्हता. टोळीतल्या बाईला साप चावला तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून निफाडला नेणारा तोच. त्यांची नजर निळ्या खिडकीवर आली आणि तिथंच राहिली.

"हे कुणी काढलं?"

संध्याच्या मागं एकतीस पोरं उभी होती. राखी आईचा पदर धरावा तसा स्वतःच्याच फ्रॉकचा काठ धरून होती. आयुषनं तोंड उघडलं, तेवढ्यात संजनानं त्याला कोपर मारलं.

"सातवीनं," संध्या म्हणाली.

"सगळ्यांनी?"

"टोळीनं काढलंय."

खिडकीला निळा रंग दीपकभाऊंनी स्वतःच्या हातानं दिलेला, तो ते ओळखणार नाहीत असं नव्हतं. पण रागवायचं तर आधी घरच्या पोरावर रागवावं लागलं असतं. हेडमास्तर चहाला चला म्हणाले. चहा झाला. दीपकभाऊंनी कप नेहमीपेक्षा जरा लवकर खाली ठेवला, असं शिपाई नंतर सांगत होता. त्यात किती मीठमसाला, देव जाणे.

टोळीला कुणी उठवलं नाय. आठ दिवसांनी मोटारीच्या खोलीतले सहा कप गेले आणि कागदी कपांचं पाकीट आलं. ते टोळीला. घरच्यांचा चहा पहिल्यासारखा चिनी मातीत. सरुबाई म्हणाली, धुवायचं काम वाचलं. संध्याला हे कळलं तेव्हा तिला हसावं का काय ते कळेना. तिनं रंगाच्या डब्याचं झाकण लावलं आणि पुढचा तास घेतला.

माल उतरला, एप्रिलची छाटणी आली, तीही झाली. राखीनं सातवीचे सगळे पेपर बसून दिले. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी टोळीचा पिकअप शाळेवरून निघाला. थोडा वेळ थांबला. राखी खाली उतरली आणि बाईंच्या हातात एक दुमडलेला कागद दिला. अंदा छाटणीला दिंडोरीच्या बाजूला जायचं, आईची बोलणी झालीत, असं म्हणाली.

संध्यानं विचारलं, "मग लावू का हे?"

"गाडी गेल्यावर लावा."

पिकअप वळणाआड गेल्यावर संध्यानं कागद उलगडला. बागेच्या बांधावर मुठीत चुरगाळून टाकलेले कागदी कप होते, अकरा. एकेका कपाची चुरगाळ वेगळी. उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव होतं, बापाचं, आडनावासकट. खाली इयत्ता, हजेरी क्रमांक.

संध्यानं तो फलकाच्या मधोमध धरला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. नावावर टाचणी येणार नाय, एवढं बघितलं.