आधी शेव की आधी लिंबू

आमच्या प्रयोगशाळेत रेबीजचे विषाणू हाताळायचे, म्हणून आधी सगळ्यांना लस. ती टोचणाऱ्या सिस्टर कोटऱ्याच्या दवाखान्यातून यायच्या. दंडाला कापूस लावला की हमखास विचारायच्या, "पोह्यावर आधी शेव की आधी लिंबू?" माणूस तावातावाने बोलायला लागायचा, तोवर सुई निघालेलीसुद्धा असायची.

यंदा त्यांची बदली आमच्याच विभागात झाली, म्हणजे लस त्यांनाही आली. डॉक्टरांनी सुई उचलताच सिस्टरांनी माझं मनगट आवळलं.

"अहो, विचारा ना जल्दी!"

मी विचारलं. त्यांनी डोळे गच्च मिटून सुरुवात केली. टोचून झालं, डॉक्टर जेवायला निघून गेले, सिस्टर पोह्यांवरून जिलेबीवर आल्या. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "टोचायच्या आधी सांगा हं."