शिडीमावशीच्या डोळ्यातला थेंब

शिडीमावशीला रडताना कुणी बघितलेलं नाही. नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा, "बादली तेवढी ठेवून गेला, उपकार झाले," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. उभा जन्म लोकांच्या भिंतींना चुना देण्यात गेला. दंड असे की शिडी खांद्यावर टाकून भर रस्त्यातनं झपाझप चालायची. आवाज असा की ती वरच्या पायरीवरनं खाकरली तरी खालचं कुत्रं उठून बाजूला व्हायचं.

अशा बाईचं चित्र तिच्या पोरानं काढलं. पोरगा पंचविशीचा. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, उरल्या वेळात फुकटच्या भिंती. शाळेसमोरच्या सिमेंटच्या भिंतीवर त्यानं कोळशानं एक बाई काढली. काडीसारखे हात, वर आलेली गालफडं, डोळ्यात लिंबाएवढा थेंब. मांडीवर पोर, पुढ्यात रिकामं ताट. खाली दोन ओळी:

माझ्या ताटात दोन घास, आईच्या ताटात वारा
ती झिजली भिंतीभिंतीला, मी झालो तिचा तारा.

आणि कुणाला शंका नको म्हणून वर ठळक अक्षरात, 'शिडीमावशी, माझी आई'.

झालं. लोक हळहळायला लागले. वाणी तिला बघून मान खाली घालायला लागला. शेजारीण वाटीभर काहीबाही आणून द्यायला लागली. मावशीनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि शेजारणीला वर चार शब्दही सुनावले.

इथवर ठीक होतं. पण सुट्टी लागली की शाळेचं काम दरसाल तिचंच, ते विचारायला गेली, तर मोठ्या बाई डोळे पुसत बाहेर आल्या.

"मावशी, चित्र बघितलं हो. या वयात तुम्हाला शिडीवर चढवायचं म्हणजे... यंदा मी दुसऱ्या कुणाला सांगते. तुम्ही आराम करा."

"मला काय झालंय आराम करायला?"

"किती सोसलंत तुम्ही!"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. शाळेचं काम ज्याला, त्यालाच पुढं सगळी आळी बोलावते. शाळा गेली की हंगाम गेला.

घरी येऊन तिनं बादली आपटली. "कुठल्या आईचं चित्र काढलंस रे?"

"तुझंच."

"माझ्या ताटात वारा कधी होता, मुडद्या?"

"आई, ते प्रतीक असतं."

"मग आज प्रतीकच खा. मी चूल पेटवत नाही."

"लोक रडले बघून! तू पोटभर जेवलीस असं लिहिलं असतं तर कोण रडलं असतं?"

"कुणी कशाला रडायला पाहिजे? मेलेय का मी?"

खरं तर पोराला ठाऊक होतं. मावशी आधी जेवायची, मग त्याला भरवायची. शिडीवर चढणाऱ्यानं आधी जेवायचं, ही तिच्या धंद्यातली रीत. उपाशी चढलं की वर डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आईच खाली पडली तर पोराला भरवणार कोण? मग त्याला दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून ती वर जायची. हा खाली ओल्या चुन्यात बोटानं घोडे काढायचा. भिंत वाळली की घोडे दिसायचे. मग पाठीत धपाटा, आणि घोड्यांवर पुन्हा चुन्याचा हात.

सकाळी तिनं डबाभर जेवून घेतलं, चुना कालवला आणि शिडी पोराच्या खांद्यावर दिली. "चल. तारा झालायस ना, उचल."

शाळेसमोर बघे जमले. मावशी शिडीवर चढली आणि त्या काडीबाईच्या दंडांवर, गालांवर, पोटावर सपासप कुंचा ओढला. डोळ्यातल्या थेंबावर दोनदा ओढला.

मोठ्या बाई फाटकाशी आल्या. "अहो मावशी, उतरा! आणि काहीच तर दिसत नाहीये."

"चुना आहे बाई. वाळू द्या."

ऊन वर आलं तसा चुना उजळायला लागला. आधी दंड भरले. मग गाल फुगले. मग पोट असं सुटलं की वाणी फिसकन हसला, आणि त्याच्यामागनं सगळेच. भिंतीवरची बाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाड होत चालली होती.

"आता त्या दोन ओळी पूस आणि मी सांगते ते लिही," मावशी वरनं ओरडली.

"आई, माझी इज्जत—"

"माझी घालवलीस तेव्हा विचारलंस? लिही."

पोरानं दात खात लिहिलं:

आधी जेवले मी पोटभर, मग पोराला चारलं
भिंत माझी खराब केली तेव्हा धरून मारलं.

"चालीत बसत नाही हे," तो पुटपुटला.

"तू तरी कुठं बसतोस?"

मोठ्या बाईंनी ओळी वाचल्या. वर शिडीच्या टोकाला एका पायावर उभ्या असलेल्या बाईकडं बघितलं. पदरानं पुसायला त्यांच्या डोळ्यात आज काही नव्हतंच.

"मावशी, उद्या वरच्या मजल्यापासनं सुरू करा," त्या म्हणाल्या. "पण खाली शिडी धरायला कुणी आहे ना?"

"आहे की." मावशीनं कुंच्यातला चुना खाली झटकला, तो नेमका पोराच्या डोक्यावर पडला. "धर नीट! भिंतीकडं काय बघत बसलायस?"