शेंडगे मॅडम आणि दादाचं रान

शेंडगे मॅडम रानात गेल्या की आधी पिकाला हात लावायच्या. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा, उलटा. उसाचं पान असो की डाळिंबाचं, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "पितंय पाणी." किंवा, "ताप हाय ह्याला." मी नवा होतो तेव्हा मला हसू यायचं. हेच ठरवायला तर आमच्याकडे उपग्रहाची चित्रं यायची.

विश्रामबागेत आमचं छोटं संशोधन कार्यालय होतं. कोणत्या शिवारातून किती पाणी वाफ होऊन जातं, कोणतं पीक किती पाणी पितं, याचा अंदाज त्या चित्रांवरून काढायचा, हे आमचं काम. मी उंब्रजकडचा, बागायती घरातला. उसाला पाणी सोडलं की सोडलं. ते मोजायचंही असतं हे मला ठाऊक नव्हतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. "उपग्रहाला पाणी दिसत नाही. जमीन किती तापलीय ते दिसतं. पीक पाणी पितं, पानांतून वाफ सोडतं, म्हणून गार राहतं. भर उन्हात माणसाला घाम आला नाही तर तो आजारी समजावा. रान बी तसंच." 'रान बी' असं तोंडून गेलं की त्या किंचित थबकायच्या. एरवी कार्यालयात त्यांची भाषा अगदी पुस्तकी.

त्या आटपाडीकडच्या, धनगराच्या घरातल्या. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने निम्मी मेंढरं विकून त्यांना इंजिनिअर केलं, हे त्या भेटेल त्याला सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. सुट्टी मिळाली की गावाकडे पळायच्या आणि येताना आईने बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी आम्हा सगळ्यांना वाटायच्या.

मग त्यांच्या गावाला उपसा योजनेचं पाणी आलं. उरलेली मेंढरं गेली, ऊस आला. पाठोपाठ तक्रारी आल्या. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, शेवटच्या रानांना पाणी पोचतच नव्हतं. गावच्या पाणीवापर संस्थेने आमच्याकडे नकाशा मागितला आणि तो मॅडमच्याच टेबलावर आला. चारीच्या तोंडाशी निळा पट्टा उमटला, म्हणजे भरपूर पाणी पिणारी रानं. शेवटाकडे सगळं तांबडं. निळ्यातला सर्वांत गडद तुकडा त्यांच्या दादाचा होता.

मी म्हणालो, "मॅडम, त्यांची विहीर असेल. तसं लिहू या."

"विहीर हाय. पण कोरडी हाय. त्याच घरची हाय मी."

गावात देवळासमोर बैठक झाली. पडद्यावर नकाशा लागला. मॅडम बोलत असताना मागून एकाने विचारलं, "बाई, तुमच्या भावाचं रान ह्यातलं कंचं?" मॅडम पडद्याजवळ गेल्या आणि त्या गडद तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे. आपल्या पाळीपेक्षा जास्त पाणी घेतलंय."

दादा उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. "मेंढरं इकून शिकीवली तुला, सुमे, ती ह्यासाठी? आता माज्या घराची पायरी चढू नगंस."

पाण्याच्या पाळ्या नव्याने ठरल्या. शेवटाकडे पाणी पोचलं. तिकडच्या एका म्हाताऱ्याने फोन करून "ताई, लय उपकार झालं" म्हटलं, तर मॅडमनी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला.

पायरी चढू नकोस, हे त्यांनी शब्दशः पाळलं. दादा फोन उचलत नव्हता. आईकडे फोन नव्हता. मॅडमच्या डब्यात आता खाणावळीची पोळी असायची. नवं चित्र आलं आणि आभाळ मोकळं असलं की कामाआधी त्या दादाचं रान उघडायच्या. "ऊस तुटला वाटतं." "तुटल्या उसाचा खोडवा बरा फुटून आलाय." नात्यातल्या माणसांची ख्यालीखुशाली सांगावी तसं मला सांगायच्या. भाऊबीजेला कार्यालय बंद असायचं. त्या दिवशी किल्ली मागून घेऊन एकट्याच येऊन बसायच्या, असं रखवालदार सांगायचा.

एका उन्हाळ्यात त्यांनी मला हाक मारली. आजूबाजूची रानं गार होती आणि दादाचं तापलं होतं. मागच्या चित्रातही तसंच. "ऊस उभा हाय आणि पाणी न्हाई," त्या म्हणाल्या. "दादा असं करणार न्हाई. काहीतरी झालंय." मी गाडी काढली.

दादाच्या दारात वहिनी होती. आम्हाला बघून बाजूला झाली. आत खाटेवर दादा पडला होता, अंगाची एक बाजू लुळी पडलेली. बोलणं जड होतं, पण समजत होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. रान तापलेलं दिसलं."

"वरनं?"

"व्हय."

तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आन् आई दिसली न्हाई व्हय? रोज दारात बसायची, तुजी वाट बघत."

"तेवढं बारीक दिसत न्हाई रं, दादा." मॅडमनी घरात नजर फिरवली. "कुठं हाय ती?"

उत्तर वहिनीने दिलं. "गेल्या चैत्रात गेल्या. तुमाला कळवायचं न्हाई म्हणून ह्यांनी भावकीला आण घातलेली."

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी वहिनीला विचारलं, "आज पाळी कुणाची हाय?"

"आमचीच. पर सोडणार कोण?"

मॅडमनी साडी खोचली, दाराआडचं खोरं उचललं आणि रानात गेल्या. वाळत चाललेल्या उसाच्या सऱ्यांतून पाणी पुढे सरकत होतं आणि त्या एकट्या त्याच्यामागून चालत होत्या. मी बांधावर थांबलो. पाणी शेवटच्या सरीपर्यंत गेल्यावरच त्या परत आल्या.

परतीच्या वाटेवर विटा गाव मागे पडलं. मग मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या चैत्रातली सगळी चित्रं मी बघितली होती. आभाळ मोकळं होतं, रान गार होतं. घरी सगळं बरं दिसतंय, असं मी तुला म्हणालेसुद्धा असेन."

त्या तसं म्हणाल्या होत्या.