दादाने बंद केलेली ओळ

माझा मोठा भाऊ एका इस्पितळात सर्व्हर सांभाळतो. तळघरातल्या थंडगार खोलीत दिवस काढतो, म्हणून आई त्याला फ्रीजमधली भाजी म्हणायची. तोही हसायचा. हल्ली हसत नाही.

गेल्या वर्षी केसपेपरच्या खिडकीवर सकाळी रांग हलेना. तिथे बसणारी बाई नवीन, अबोल. लोक तिच्यावर खेकसत. ती म्हणे, मी टाइप करते, पण कॉम्प्युटरच अडतो. साहेबांनी दादाला विचारलं. दादाने पडद्यावरचा आलेख दाखवला. सर्व्हरवर निम्मासुद्धा भार नव्हता. साहेब म्हणाले, म्हणजे बाईच हळू. दादा तळघरात परतला. महिनाअखेरीला तिला घरी बसवलं.

तिच्या जागी चांगली चटपटीत मुलगी आली. रांग तशीच. तेव्हा कुठे दादाला शंका आली.

त्याने सगळं उकरून पाहिलं. सर्व्हरमध्ये आधी आठ प्रोसेसर होते, नंतर आणखी आठ बसवले. भार मोजणारा प्रोग्राम मात्र पहिले आठच मोजत राहिला. केसपेपरचं काम नेमकं नव्या आठांवर पडायचं आणि सकाळच्या गर्दीत त्यांचा जीव जायचा. प्रोग्राम बिचारा रोज एक ओळ दाखवायचा, की आठ प्रोसेसर वाचता आले नाहीत. रोजची कटकट नको म्हणून ती ओळ दादानेच बंद करून ठेवली होती. आणि विसरला होता.

दुरुस्ती एका दुपारीच झाली. रांग हलली.

त्याने साहेबांना चूक सांगितली, बाईंना परत बोलवा म्हणाला. साहेब म्हणाले, झालं ते झालं, जागा भरली आता.

शेवटी तो तिच्या घरी गेला. सोबत मी होते. ती कुणाच्या तरी सदऱ्यांना बटणं लावत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आम्हाला पाणी दिलं. मग खाली बघतच म्हणाली, "भाऊ, एकदा जिना चढून वर आला असतात, तर माझ्या पाठीमागे उभं राहूनच दिसलं असतं हो."



आता कामावर गेल्यावर तो आधी त्या खिडकीमागे जाऊन उभा राहतो, मग तळघरात उतरतो. घरी ताटातलं अर्धं तसंच राहतं. संध्याकाळी देवाला हात जोडताना मी त्या बाईला काम मिळू दे म्हणते. दादा शेजारीच असतो. तो हात जोडतो, पण काही मागत नाही.