कागदावरचे दहा मिलिमीटर

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझा कॉम्प्युटर बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून हातात दिली आणि म्हणाला, "फायली वाचल्यात वहिनी. बाकीची पेटी भंगारात द्या." मी नवीन कॉम्प्युटर घेतला. त्यावर माझं जुनं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकायला गेले, तर ते काही केल्या चालू होईना. हा परवाना दुसऱ्या मशीनचा आहे, असं पडद्यावर यायचं. डीलरला फोन केला. तो अगदी गोड बोलला. माझी आवृत्ती फार जुनी, कंपनी ती आता चालू करून देत नाही, आणि नवीन विकत मिळतच नाही, वर्षाच्या भाड्याने घ्यावी लागते.

"पण मी ते विकत घेतलं होतं," मी म्हटलं.

"होय मॅडम. पण ते तेव्हाचं."

मी ड्राफ्ट्समन आहे. आयटीआयला होते तेव्हा बोर्डावर पेन्सिलने शिकले, मग कॉम्प्युटर आला. घरांचे नकाशे मी करत नाही, यंत्रांची ड्रॉइंग करते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, ते आंब्याचा रस काढायची मशीन बनवतात. त्यांची सगळी ड्रॉइंग सुरुवातीपासून माझी. एप्रिलात आंबा यायच्या आत मशीन गिऱ्हाइकाकडे पोचावी लागतात, म्हणून दिवाळी झाली की माझं काम सुरू होतं. नेमका तेव्हाच माझा हात मोडल्यासारखा झाला.

चार दिवसांनी फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. हे गृहस्थ रत्नागिरीतच घरांचे नकाशे करतात, आणि मोठ्या कागदाचा प्रिंटर त्यांच्याकडे आहे. एके काळी मी माझी ड्रॉइंग त्यांच्याकडेच छापून घ्यायचे.

"तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं असं ऐकलं," ते म्हणाले. "मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं. आता फुकटातलं वापरतो. ज्यांना हवं ते वापरू शकतात, आतला कोडसुद्धा सगळ्यांना उघडा. येऊन शिकवू का तुम्हाला?"

"फी काय घेणार?"

"फी कसली?"

माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. सॉफ्टवेअर फुकट आणि वर शिकवणाराही फुकट! त्यालाही कारण होतं. सहा-सात वर्षांपूर्वी सावर्ड्याच्या एका माणसाने हुबेहूब आमच्यासारखं रसाचं मशीन बाजारात आणलं होतं. चाळणीचा उतार तोच, पायांची उंची तीच. वर्कशॉपचे मालक म्हणाले होते, "आपला कागद बाहेर गेला." आणि माझे कागद माझ्या घराबाहेर जायचे ते एकाच ठिकाणी, यांच्या प्रिंटरवर. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. फक्त प्रिंटला जायचं बंद केलं.

माझे मिस्टर बोटीवर असतात. त्यांचा फोन आला तेव्हा मी हे सांगितलं. ते म्हणाले, "शिकून घे की. पण तो समोर असताना मशीनच्या फायली उघडू नकोस."

मला ते पटलं. मी गृहस्थांना दुपारी तीनला बोलावलं आणि डिस्क आधीच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ते स्कूटरवरून आले, पायरीवर चपला काढल्या, खुर्चीत बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मी म्हटलं, "तो लावायला नको. मी स्वतःच उतरवून घेते." त्यांनी तो परत खिशात ठेवला. मग विचारलं, "काय काढू या? तुमचं एखादं जुनं ड्रॉइंग घेऊ?"

"पोळपाट काढू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोळपाट?"

"गोल आहे, तीन पाय आहेत. शिकायला बरा."

आठवडाभर आम्ही पोळपाट काढला. सॉफ्टवेअर विचित्रच होतं. जुन्यात मी रेषा मारायचे आणि ती गप्प राहायची. यात प्रत्येक रेषेला ती किती लांब, कशाला चिकटलेली, कशाला समांतर, हे सांगावं लागायचं. सांगितलं नाही तर माऊस लागताच हलायची. मला ते अजिबात आवडलं नाही. फुकटातली वस्तू अशीच डगमगणार, असं मी मनात म्हणायचे. रोज ते गेल्यावर मी पोळपाटाचा पाय पट्टीने मोजायचे आणि पडद्यावरचा आकडा पडताळायचे. एकदाही फरक आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे.

पाचव्या दिवशी वर्कशॉपमधून चाचांचा फोन आला. चाचा म्हणजे तिथले जुने टर्नर, लेथ मशीन त्यांच्याच हातात असतं. त्यांना शाफ्टबद्दल, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याबद्दल विचारायचं होतं. मी गृहस्थांकडे पाठ करून बोलत होते. "आटे शेवटपर्यंत नकोत. कोपऱ्याला गोलाई ठेवा. कडा मोडा, नाहीतर हात कापेल." बोलता बोलता खिडकीच्या काचेत मला दिसलं, की ते मागे बसून एका छोट्या वहीत भराभर लिहितायत.

मी फोन ठेवला. मी सरळ म्हटलं, "ती वही दाखवा."

"काय?"

"आत्ता लिहिलंत ते दाखवा मला. माझी मापं लिहून घेताय तुम्ही."

त्यांचा चेहरा पडला. वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी पानं उलटली. एकही आकडा नव्हता. नुसते शब्द होते, डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, आणि खूपशा ठिकाणी उजवी बाजू कोरी. शेवटच्या पानावर शाई ओली होती. आटे. गोलाई. कडा मोडणे.

"हे काय आहे?"

ते जरा ओशाळले. म्हणाले, "या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करतोय. कोणीही करू शकतं, मी सुरुवात केलीय. पण मी घरांच्या नकाशातला माणूस. भिंत, तुळई, जिना एवढं येतं. यंत्राचे शब्द डिक्शनरीतून काढले तर असले निघतात." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सपाट आकार वर खेचून त्याला जाडी द्यायची असते, त्या क्रियेपुढे त्यांनी 'निष्कासन' असं लिहिलं होतं.

मला हसू आलं. "हे वाचून चाचा कोणाला नोकरीवरून काढायचंय म्हणून विचारतील."

"म्हणून तर. वर्कशॉपमध्ये माणसं काय बोलतात ते तुमच्याकडून ऐकायचं होतं. सरळ विचारायला अवघड वाटलं. तुम्ही मला..." ते थांबले. मग म्हणाले, "तुम्ही प्रिंटला यायचं बंद केलंत तेव्हाच मला कळलं होतं, तुमच्या मनात काय आहे ते."

"मग खरं सांगा. दिलंत का तुम्ही ते ड्रॉइंग सावर्ड्याला?"

"नाही."

एवढंच म्हणाले. शपथ घेतली नाही की आवाज चढवला नाही. माझा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी आणखी चार वाक्यं बोलून पटवायचा प्रयत्न केला असता तर मी त्यांना घरातून घालवलं असतं, हेही खरं. मी चहा टाकला. चहा पिताना त्यांच्या वहीतल्या पंधराएक ओळी मी भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडून डिस्क बाहेर काढली.

जुन्या फायली थेट उघडत नव्हत्या. त्या आधी दुसऱ्या प्रकारात बदलून घ्याव्या लागल्या. ते लांबूनच सांगत होते, मी करत होते. रसाच्या मशीनचं मुख्य ड्रॉइंग उघडलं. सगळं जागच्या जागी दिसलं आणि मला हायसं वाटलं. मग माझी नजर दोन बेअरिंगांमधल्या अंतरावर गेली. तिथे ६१० लिहिलेलं होतं.

ते माप ६२० आहे. मला ते झोपेतसुद्धा सांगता येईल.

"बघा," मी म्हटलं. "बघा तुमचं फुकटातलं. दहा मिलिमीटर खाल्ले."

ते उठून जवळ आले. त्यांनी सॉफ्टवेअरमधलं मोजायचं साधन घेऊन त्या दोन रेषांमधलं अंतर मोजायला सांगितलं. ६१०. पुन्हा मोजलं, ६१०.

"कदाचित मुळातच तसं असेल," ते हळूच म्हणाले.

"मुळात ६२० आहे. पंधरा मशीन बनलीत त्यावर!"

मी त्यांना तसंच बसवून ठेवलं नाही, रिक्षा करून दोघं मिरजोळ्याला गेलो. मला त्यांच्या समोरच सिद्ध करायचं होतं. वर्कशॉपमध्ये एक जुनं मशीन दुरुस्तीला आलेलं होतं. चाचांनी टेप लावला. बरोबर ६२०. मी विजयी मुद्रेने गृहस्थांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमचा छापलेला कागद आहे का इथे?"

होता. भिंतीवर, प्लास्टिकमध्ये घातलेला, तेलाच्या बोटांनी काळा झालेला. जुन्या, विकतच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला, एकास पाच या प्रमाणात. म्हणजे ६२० ची रेषा कागदावर १२४ भरायला हवी. चाचांची स्टीलची पट्टी घेऊन मी ती रेषा मोजली.

१२२ भरली.

पट्टी सरकली असेल म्हणून पुन्हा लावली. १२२. वर माझ्याच हातचा आकडा छापलेला, ६२०. आणि मग मला सगळं आठवलं. पहिल्या वर्षी, मुलगी तापाने फणफणलेली, मालकांचा फोन आलेला, बेअरिंगमध्ये दहा वाढवा आणि कागद तासाभरात द्या. रेषा सरकवायची तर शाफ्ट, पाय, झाकण सगळं हलवावं लागलं असतं. मी नुसता आकड्यावर दोनदा क्लिक केलं आणि वर ६२० टाइप केलं. जुनं सॉफ्टवेअर मी सांगेन ते लिहायचं. नवीन सॉफ्टवेअरने रेषा मोजली आणि जी लांबी निघाली ती लिहिली.

चाचा म्हणाले, "मी आकडाच वाचतंय पोरी. रेषा कोण वाचतंय?" म्हणूनच इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं.

पण या वर्षी चालणार नव्हतं. मालकांनी ठरवलं होतं, की मशीनच्या दोन बाजूंच्या प्लेटी कोल्हापूरहून लेझरवर कापून आणायच्या. बेअरिंग बसवायची भोकं त्याच प्लेटींत असतात. तिकडे कागद जात नाही, फाईल जाते. आणि लेझर आकडा वाचत नाही, रेषा कापतो. माझा जुना कॉम्प्युटर मेला नसता तर मी ती फाईल डोळे मिटून पाठवली असती.

परतीच्या रिक्षात गृहस्थांनी मला एकदाही "बघा" म्हटलं नाही. ते तोंड उघडतील म्हणून मी घरापर्यंत वाट पाहत होते.

त्यानंतर तीन आठवडे मी फक्त माझ्या जुन्या कामावर संशय घेतला. प्रत्येक ड्रॉइंग उघडायचं, प्रत्येक आकडा रेषेशी लावायचा. आणखी पाच ठिकाणी मी असंच वरून लिहून ठेवलेलं सापडलं. एक माप तर मी का बदललं होतं हेही आठवेना. ते चाचांना मशीनवर मोजायला लावलं. मग सगळी ड्रॉइंग मी पहिल्यापासून नव्याने काढली. रेषांचं जे हलणं मला डगमगणं वाटायचं, तेच आता उपयोगी पडलं. बेअरिंग दहाने सरकवलं की शाफ्ट, पाय आणि झाकण आपणहून मागे यायचं.

मालकांना सांगणं भाग होतं. मी गेले आणि काही न लपवता सांगितलं. ते उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले.

"म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या कागदावर मशीन बनवतोय?"

"आकडे बरोबर होते, भाऊ. चित्र चुकीचं होतं."

"माझ्यासाठी ते एकच ना ओ? मग आता तुमचं नवीन बरोबर कशावरून? आणि ते फुकटातलं म्हणे."

महिनाभर जे प्रश्न मी दुसऱ्याला विचारत होते, तेच ते मला विचारत होते. त्यांचं चुकतही नव्हतं. त्या दिवसापासून माझा प्रत्येक कागद आला की ते चाचांना पट्टी लावायला सांगायचे, तेही माझ्यासमोर. पहिल्यांदा मला रडू आलं. घरी येईपर्यंत आवरलं. नंतर मीच घरून निघताना पर्समध्ये स्टीलची पट्टी टाकायला लागले आणि त्यांच्या आधी लावून दाखवायला लागले.

पौषात कोल्हापूरहून पहिल्या दोन प्लेटी टेम्पोने आल्या. वर्कशॉपच्या दारात लाकडाच्या ठोकळ्यांवर त्या आडव्या ठेवल्या. मालक, चाचा आणि मी, तिघं भोवती उभे. चाचा बेअरिंगच्या दोन भोकांमध्ये टेप धरून म्हणाले, "सहाशे वीस. बरोबर हाय."

मालकांनी टेप त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. मग दुसरी प्लेट मोजली. मग पहिली उलटी करून त्या बाजूने मोजली. शेवटी टेप माझ्यापुढे केला.

"तुम्ही पण बघा," ते म्हणाले.

मी गुडघे टेकून बसले आणि मोजलं.